कमी धोक्याच्या संबंधानंतरची एचआयव्ही चाचणी: कधी, कुठे आणि किती वेळा

पुण्यात नोकरीला असताना, साखरपुडा होऊन दोन महिने झाले होते तेव्हा, माझा एका अनोळखी स्त्रीशी एकदाच शरीरसंबंध आला. निरोध सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरलेला होता आणि तो फाटलेला नव्हता. तरीही त्यानंतरच्या १४ आठवड्यांत मी सात वेळा एचआयव्हीची चाचणी करून घेतली: ४थ्या, ९व्या, १६व्या, २८व्या, ४५व्या, ७५व्या आणि ९८व्या दिवशी. सातही अहवाल निगेटिव्ह आले. पहिल्या दोन चाचण्या इतक्या लवकर केल्या होत्या की त्यांना काही सांगताच आले नसते, आणि शेवटच्या दोन चाचण्यांची मुळी गरजच नव्हती. या काळात माझे सहा किलो वजन घटले, कामात चुका होऊ लागल्या, आणि होणाऱ्या पत्नीचा फोन उचलायलाही माझा हात धजत नसे.

माझ्यासारखे अनेक जण या फेऱ्यात सापडतात आणि लाजेपोटी कुणाला विचारत नाहीत. त्यांच्यासाठी हा क्रम लिहीत आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याला हा लेख पर्याय नाही. डॉक्टरांसमोर बसेपर्यंतची वाट मात्र त्याने सोपी व्हावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

१. सर्वप्रथम किती तास उलटले ते मोजा

संबंधाला ७२ तास झाले नसतील, तर आधी ही पायरी वाचा. बाकीचा लेख नंतर वाचला तरी चालेल. निरोध नसताना योनीमार्गे किंवा गुदमार्गे संबंध आला असेल, निरोध मध्येच फाटला असेल, किंवा सुई सामाईक वापरली गेली असेल, तर तुमचा प्रसंग ‘कमी धोक्याचा’ समजून घरी बसू नका. अशा वेळी संसर्ग रोखण्यासाठी २८ दिवसांचा औषधोपचार असतो, त्याला ‘पेप’ म्हणतात. सध्या बहुधा टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधे एकत्र असलेली गोळी रोज एक याप्रमाणे देतात. ती जितकी लवकर सुरू होईल तितकी चांगली, आणि ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग नसतो. शासकीय रुग्णालयाचा अपघात विभाग किंवा एआरटी केंद्र (एचआयव्हीची औषधे देणारे केंद्र) गाठा. तिथे अडचण आली तर दुसऱ्या फिजिशियनकडे त्याच दिवशी जा, सोमवारची वाट पाहू नका.

उलट, ७२ तास उलटून गेल्यावर किंवा धोका नसताना ओळखीच्या औषध दुकानातून ही गोळी आणून स्वतःच्या मनाने घेऊ नका. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा त्रास असलेल्यांना, विशेषतः हिपॅटायटिस बी असलेल्यांना, ती विनासल्ला सुरू करणे आणि बंद करणे दोन्ही घातक ठरू शकते. शिवाय पेप घेतलेल्यांच्या चाचण्यांच्या तारखा पुढे ढकलल्या जातात, कारण औषधामुळे संसर्ग उशिरा दिसू शकतो.

२. काय घडले ते कागदावर लिहा

भीतीने ग्रासलेला माणूस प्रसंग जसा घडला तसा आठवत नाही; दर रात्री त्यात एक नवी शंका मिसळते. तिसऱ्या आठवड्यात मला निरोध फाटला होता असेही वाटू लागले होते, प्रत्यक्षात तो मी स्वतः गाठ मारून टाकला होता. म्हणून शक्य तितक्या लवकर एका कागदावर चार-पाच ओळींत साधे उत्तर लिहून ठेवा: कोणत्या प्रकारचा संबंध आला, निरोध होता का, तो शेवटपर्यंत शाबूत होता का, रक्त कुठे आले का. नंतर त्या कागदात भर घालू नका.

आता तो कागद पुढील माहितीशी ताडून पाहा. एचआयव्ही रक्त, वीर्य, वीर्यापूर्वीचा स्राव, योनीस्राव, गुदद्वारातील स्राव आणि आईचे दूध यांतून पसरतो. हा द्रव दुसऱ्याच्या शरीरातील ओलसर अस्तराला, उघड्या जखमेला किंवा थेट रक्ताला भिडावा लागतो. लाळ, घाम, अश्रू आणि लघवी यांतून तो पसरत नाही. त्यामुळे चुंबन, मिठी, मालिश, अंगाला अंग लागणे, एकमेकांना हाताने उत्तेजित करणे, शौचालयाची बैठक, सामाईक टॉवेल यांपैकी कशानेही एचआयव्ही होत नाही. शरीराबाहेर हा विषाणू फार टिकत नाही आणि धड त्वचेतून आत शिरत नाही. नखाजवळचे जुने खरचटणे, ज्यावर खपली धरली आहे, ते या हिशेबात धरू नका. मुखमैथुनातला धोका इतका अल्प आहे की त्याचा नेमका आकडाही काढता आलेला नाही. निरोध नीट वापरला आणि तो फाटला नाही, तर योनीमार्गाच्या संबंधातही धोका अत्यंत कमी असतो. फाटलेला निरोध बहुधा उघडच दिसतो, त्याला शोधावे लागणारे बारीक भोक पडत नाही.

आकड्यांनी धीर येत असेल त्यांच्यासाठी सांगतो. जोडीदार बाधित आहे, उपचार घेत नाही आणि निरोधही वापरलेला नाही, असे सारे वाईटच धरले, तरी १०,००० संबंधांमागे संसर्गाचा अंदाज असा आहे: योनीमार्गात पुरुषाला सुमारे ४, स्त्रीला सुमारे ८; गुदमार्गात प्रवेश करणाऱ्याला सुमारे ११, आणि ज्याच्या शरीरात प्रवेश होतो त्याला सुमारे १३८. शेवटचा आकडा बाकीच्यांहून किती मोठा आहे ते पाहा; तो संबंध निरोधाविना झाला असेल तर तो कमी धोक्याचा मानू नये. दुसरीकडे, बाधित व्यक्ती नियमित औषध घेत असेल आणि तिच्या रक्तातील विषाणू मोजण्याइतकाही उरला नसेल, तर तिच्याकडून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही.

येथे एक गोष्ट वेगळी ठेवा. एचआयव्हीचा धोका नसला तरी गरमी, जननेंद्रियावरची नागीण (हर्पीस), परमा यांसारखे इतर गुप्तरोग मुखमैथुनातून किंवा त्वचेच्या स्पर्शातूनही होऊ शकतात. लघवीला जळजळ, फोड, जखम किंवा स्राव दिसला तर शासकीय रुग्णालयातील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये जा. तिथे तपासणी आणि औषध मोफत मिळते, आणि त्यातले बहुतेक आजार वेळेवर गेल्यास पूर्ण बरे होतात.

३. चाचणीची एकच तारीख ठरवा

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. संसर्ग झाला तरी चाचणीत तो दिसायला काही दिवस लागतात. या मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. तो चाचणीच्या प्रकारानुसार बदलतो, म्हणून ‘चाचणी केली’ एवढे पुरेसे नाही, ‘कोणती केली’ हे विचारावे लागते.

प्रयोगशाळेत दंडाच्या शिरेतून रक्त घेऊन केलेली चौथ्या पिढीची चाचणी विषाणूचे पी-२४ हे प्रथिन आणि शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये (अँटीबॉडी) अशा दोन्ही गोष्टी शोधते. संसर्ग असल्यास ती १८ ते ४५ दिवसांत तो पकडते. फक्त प्रतिद्रव्ये शोधणाऱ्या चाचण्यांना २३ ते ९० दिवस लागतात. शासकीय केंद्रातील जलद चाचण्या प्रामुख्याने या दुसऱ्या गटातल्या असल्याने त्यांचा शेवटचा शब्द ९० दिवसांनंतर धरावा. तिसरी, थेट विषाणूच शोधणारी पीसीआर किंवा ‘नॅट’ चाचणी १० ते ३३ दिवसांत संसर्ग दाखवू शकते, पण ती महाग असते आणि कमी धोक्याच्या प्रसंगासाठी तिची गरज नसते. मी १६व्या दिवशी ती केली, काही हजार रुपये मोजले, आणि अहवाल निगेटिव्ह आल्यावर दोनच दिवसांत तो पुरेसा नाही असे मानून बसलो.

म्हणून माझे ठाम मत असे आहे: तुमचा प्रसंग खरोखर कमी धोक्याचा असेल, तर ४५ दिवस पूर्ण झाल्यावर चौथ्या पिढीची एक चाचणी करा, किंवा ९० दिवस पूर्ण झाल्यावर शासकीय केंद्रात एक मोफत चाचणी करा. दोन्हींपैकी एक निवडा, दिनदर्शिकेवर त्या तारखेला खूण करा आणि मधल्या काळात सुई टोचून घेऊ नका. नुसते चुंबन किंवा मालिश एवढेच घडले असेल तर चाचणीची वैद्यकीय गरजच नाही. तरीही मनाच्या समाधानासाठी करायची असेल तर तीही एकदाच.

या टप्प्यावर एक चूक कुणीही करू नये. गुपचूप तपासणी व्हावी म्हणून काही जण रक्तदान शिबिरात जाऊन रक्त देतात. रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची एचआयव्ही चाचणी होते हे खरे, पण विंडो पिरियडमध्ये दिलेल्या रक्तातला संसर्ग निसटू शकतो आणि ते रक्त एखाद्या बाळंतिणीला किंवा थॅलेसेमियाच्या लेकराला चढू शकते. मनात शंका असेल तोवर रक्तदान करू नका.

४. वाट पाहण्याच्या दिवसांत शरीर तपासत बसू नका

संसर्ग झालेल्या अनेकांना दोन ते चार आठवड्यांत ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, गाठी सुजणे असा त्रास होतो. हीच लक्षणे साध्या विषाणूजन्य तापातही असतात, आणि काही बाधितांना कोणतेच लक्षण जाणवत नाही. लक्षणांवरून एचआयव्ही आहे किंवा नाही हे कुणीही, अगदी निष्णात डॉक्टरही, सांगू शकत नाहीत. हे वाक्य मी तेव्हा वाचले होते, तरी रोज सकाळी आरशासमोर जीभ बाहेर काढून मोबाइलच्या उजेडात पांढरा थर पाहत असे. काखेतल्या आणि जबड्याखालच्या गाठी मी इतक्या वेळा दाबल्या की त्या खरोखरच दुखू लागल्या, आणि त्या दुखण्याने माझी खात्री पटली. काळजीने झोप उडते, तोंड कोरडे पडते, पोट बिघडते, घाम सुटतो, वजन घटते. मग भ्यालेला माणूस ती यादी इंटरनेटवर टाकतो आणि त्याला हवे ते नेमके सापडते.

या दिवसांसाठी एक व्यवहारी नियम पाळा. ताप १०१ च्या वर गेला किंवा तीन दिवसांहून अधिक राहिला, तर नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि घडलेला प्रसंगही त्यांना सांगा. त्याहून कमी काही असेल तर आरसा, थर्मामीटर आणि लक्षणांचा शोध, तिन्ही बंद ठेवा. ‘एका महिन्यात रक्त शुद्ध’ अशी हमी देणारे वैदू आणि जाहिरातबाज याच दिवसांत भेटतात. त्यांना एक रुपयाही देऊ नका.

५. कुठे जावे आणि सोबत काय न्यावे

महाराष्ट्रात जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि अनेक ग्रामीण रुग्णालयांत ‘आयसीटीसी’, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असते. दारावर लाल फीत काढलेली पाटी दिसते. जवळचे केंद्र ठाऊक नसेल तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेचा १०९७ हा मोफत क्रमांक लावा. नाव न सांगताही तिथे प्रश्न विचारता येतात.

सोबत न्यायच्या गोष्टी थोड्याच आहेत:

– केस पेपर काढावा लागला तर उपयोगी पडावे म्हणून एखादे ओळखपत्र आणि थोडे सुटे पैसे;
– पायरी २ मध्ये लिहिलेला कागद, तारखेसह;
– आधी केलेल्या चाचण्यांचे अहवाल, असल्यास;
– चालू असलेल्या औषधांची नावे, विशेषतः पेप घेतला असल्यास तो संपल्याची तारीख.

उपाशीपोटी जाण्याची गरज नाही. सकाळी बाह्यरुग्ण विभाग सुरू होतानाच गेलात तर बहुधा त्याच दिवशी अहवाल हाती येतो. वय १८ च्या आत असेल तर पालकांची संमती लागते.

खासगी प्रयोगशाळा निवडणार असाल तर नोंदणी करतानाच विचारा की चाचणी ‘अँटिजन-अँटीबॉडी कोम्बो’, म्हणजे चौथ्या पिढीची, आहे ना, अहवाल बंद पाकिटात मिळेल ना, आणि फोनवर संदेश कोणत्या शब्दांत येईल. मी ज्या पहिल्या प्रयोगशाळेत गेलो होतो तिथल्या कर्मचाऱ्याने भरलेल्या प्रतीक्षागृहात माझे नाव आणि चाचणीचे नाव एका दमात पुकारले. मी रक्त न देता बाहेर पडलो आणि दोन तास रस्त्याने चालत राहिलो. असे वागण्याचा कुणालाही अधिकार नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध कायद्यानुसार तुमच्या संमतीविना ही चाचणी करता येत नाही आणि तुमची माहिती परस्पर उघड करता येत नाही. नोंदणीच्या खिडकीवर हे शांतपणे सांगा आणि आत बोलवायला सांगा.

६. केंद्रात प्रत्यक्ष काय घडते

मी ९८व्या दिवशी आमच्या जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये गेलो. हिरव्या पडद्याआड एक टेबल, त्यावर नोंदवही, निरोधाची पाकिटे आणि निरोध कसा चढवावा हे दाखवण्यासाठी ठेवलेला लाकडी नमुना. चाळिशीच्या समुपदेशक ताईंनी “बसा दादा” म्हणून दार लोटून घेतले. नाव, वय, पत्ता, आणि मग आडपडदा न ठेवता प्रश्न: संबंध कोणाशी, कसा, निरोध होता का. हे प्रश्न त्या दिवसभर विचारतात; तुमचे उत्तर ऐकून त्या दचकत नाहीत. म्हणून तिथे खोटे बोलू नका. संबंध पुरुषाशी आला असेल तर तसे सांगा, कारण धोक्याचा हिशेब त्यावर बदलतो.

नंतर लेखी संमती घेऊन शेजारच्या खोलीत तंत्रज्ञ रक्त घेतात. नमुन्यावर नावाऐवजी क्रमांक असतो. पहिली जलद चाचणी नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आली की अहवाल निगेटिव्ह देतात. ती रिअ‍ॅक्टिव्ह आली तर वेगवेगळ्या पद्धतीच्या आणखी दोन चाचण्या करतात आणि तिन्ही जुळल्यावरच निदान सांगतात. अहवाल फोनवर सांगत नाहीत, तो तुमच्या हातातच देतात, आणि देताना पुन्हा बसवून बोलतात.

वाट पाहताना ताईंनी मला एक प्रश्न विचारला, जो आधीच्या सहा चाचण्यांत कुणी विचारला नव्हता: “दादा, भीती आजाराची वाटते, की घरी कळेल याची?” मी उत्तर देऊ शकलो नाही, पण त्या दिवसानंतर मला माझा खरा प्रश्न दिसू लागला.

७. अहवाल कसा वाचावा

‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ म्हणजे संसर्ग आढळला नाही. संबंधाची तारीख आणि रक्त दिल्याची तारीख यांतले दिवस मोजा. ते पायरी ३ मधल्या मर्यादेपलीकडे असतील तर विषय संपला. प्रयोगशाळेने आकडा दिला असेल, उदाहरणार्थ ०.१८ किंवा ०.३५, तर तो १.०० या मर्यादेच्या किती जवळ आहे याचा काथ्याकूट करू नका. मर्यादेखालचा प्रत्येक आकडा निगेटिव्हच असतो, आणि तो दर वेळी थोडा बदलतो.

एखाद्या खासगी चाचणीत ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आले तरी ते अंतिम निदान नव्हे. याचे कारण साध्या हिशेबात आहे. भारतात प्रौढांमधील एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. म्हणजे १०,००० जणांत सुमारे २० बाधित. समजा चाचणी निरोगी माणसांपैकी ०.५ टक्के जणांना चुकून रिअ‍ॅक्टिव्ह ठरवते, तर असे सुमारे ५० जण निघतील. रिअ‍ॅक्टिव्ह आलेल्या ७० जणांत खरे बाधित फक्त २० असतील. म्हणून तो कागद घेऊन थेट आयसीटीसी गाठा आणि तिथल्या तिन्ही चाचण्या होईपर्यंत कुणाला काही सांगू नका. आणि तिथेही निदान पक्के झाले, तर एआरटी औषधे शासनाकडून मोफत मिळतात, ती त्वरित सुरू होतात आणि नियमित घेणारी माणसे नोकरी, लग्न, मुलेबाळे असे पूर्ण आयुष्य जगतात. ज्या व्यक्तीपासून संसर्ग झाला असे वाटते तिला शोधून जाब विचारण्याच्या फंदात पडू नका.

लग्न झालेले असेल तर अंतिम अहवाल येईपर्यंत जोडीदारासोबत निरोध वापरा. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर ती याच निमित्ताने घ्या. तिचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात.

८. अहवाल निगेटिव्ह आला तरी भीती जात नसेल तर

योग्य वेळी केलेला एक निगेटिव्ह अहवाल हाती असूनही तुम्ही दुसरी चाचणी कुठे करावी हे शोधत असाल, तर आता रक्त तपासून उत्तर मिळणार नाही. ‘नमुना बदलला असेल’, ‘माझी प्रतिद्रव्ये उशिरा तयार होत असतील’, ‘हा नवाच प्रकार असेल’ असे विचार तेव्हा रांगेने येतात. प्रत्येक नवी चाचणी दोन दिवस दिलासा देते आणि तिसऱ्या दिवशी शंका पुन्हा डोके वर काढते. मानसोपचारतज्ज्ञांना हा त्रास परिचित आहे, त्यावर औषध आणि संवादाचे उपचार आहेत, आणि ते लागू पडतात.

माझ्या डॉक्टरांनी मला एक छोटी वही दिली. गाठ दाबाविशी किंवा लक्षण शोधावेसे वाटले की वेळ लिहायची आणि १५ मिनिटे थांबायचे. पहिल्या दिवशी ३१ नोंदी झाल्या. सहाव्या आठवड्यात एका रविवारचे पान कोरे राहिले, आणि ते कोरे आहे हे माझ्या सोमवारी लक्षात आले. त्याच महिन्यात मी होणाऱ्या पत्नीला सर्व सांगितले. ती दहा दिवस बोलली नाही. ते दहा दिवस कठीण होते, पण आधीच्या १४ आठवड्यांसारखे नव्हते. प्रत्येकाने घरी सांगावेच असे मी म्हणणार नाही. तो निर्णय समुपदेशकाशी बोलून शांत डोक्याने घ्यावा.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणे लगेच शक्य नसेल, किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक लावा. तो मोफत आहे, रात्रीही सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. सुरुवात कशी करावी हे सुचले नाही, तर एवढेच म्हणा: “माझा अहवाल निगेटिव्ह आहे, पण माझा त्यावर विश्वास बसत नाही.” पुढचे प्रश्न ते विचारतात.